बुडीत येणी आणि वहीचा खरेपणा

दुकानाच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावलेली असते आणि त्याच पाटीखाली बसून शेठ उधारीची वही लिहीत असतात. शहापूर-मुरबाडकडच्या मंडळींना हे काही नवे नाही. यात शेठचे काही चुकते असेही नाही. खेड्यातला व्यापार उधारीवाचून चालावयाचा कसा? मृगाच्या तोंडाला बी-बियाणे आणि खत लागते, तेव्हा शेतकऱ्याच्या गाठीला पैसा नसतो. आषाढ-श्रावणात लावणी उरकलेली असते, पण कणगीने तळ गाठलेला असतो. पैसा दिसतो तो दिवाळीनंतर, भात झोडून केंद्रावर घातल्यावर. कातकरी कुटुंबे दिवाळी सरली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. म्हणजे माल नेण्याची वेळ आणि पैसा येण्याची वेळ, या दोहोंत ऋतुचक्रानेच चार-सहा महिन्यांचे अंतर घालून ठेवले आहे. ते अंतर उधारी भरून काढते.

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याचे नाव देशभर गाजले. दुकानादुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. पुढे तर मोबाइलवरून पैसे देण्याची सोय गावोगावी झाली. चांगली गोष्ट झाली. पण यंत्र सुट्या पैशांची अडचण सोडवते. हातात पैसाच नसेल तर यंत्र काय करणार? ‘शेठ, भात घातलं की देतो’ हे वाक्य यंत्र आल्यावरही ऐकू येतेच.

आता ही सगळी उधारी परत येते का? नाही. थोडी तरी बुडतेच. कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाचे पीक अवकाळी पावसात भिजते, कोणी गाव सोडून जातो, आणि एखाद्याची दानतच नसते. मग हे न येणारे पैसे वहीत दाखवावयाचे कसे, हा आजचा विषय. वाणिज्याच्या वर्गात मुले हमखास विचारतात, ‘सर, पैसे आलेच नाहीत तर लिहायचं काय त्यात?’ प्रश्न साधा वाटतो. पण दुकान टिकणार की बुडणार, हे बऱ्याचदा त्याच्या उत्तरावर ठरते.

आपण एक दुकान कल्पू या. मुरबाडहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, किराणा आणि खत-बियाण्यांचे. वर्षाची विक्री 12,00,000 रुपये; त्यातली 4,00,000 रुपयांची उधारीवर. विक्रीवर शेकडा 10 सुटतात असे धरा, म्हणजे 1,20,000 रुपये. भाडे, वीज, गाडीभाडे, पोऱ्याचा पगार मिळून 40,000 खर्च. राहिला नफा 80,000. शेठ खूश! त्यांनी तेवढे पैसे घरखर्चाला काढले. पण त्याच दिवशी, 31 मार्चला, खतावणीत गिऱ्हाइकांकडून 1,20,000 रुपये येणे दिसते आहे. उधार विक्री केली त्या दिवशीच ती विक्रीत धरली आणि तिच्यावरचा नफाही मोजला. त्या येण्यातले काही पैसे कधीच येणार नसतील, तर 80,000 हा आकडा खरा कसा? जे आलेले नाही आणि येणारही नाही, ते नफा म्हणून खाल्ले, तर माणूस भांडवल खात असतो. आणि गंमत अशी, की ते त्याला कळतही नाही. दोन-तीन वर्षांनी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे चुकते होईनात, म्हणजे मग कळते.

म्हणून हिशेबशास्त्राचा एक जुना दंडक आहे: नफा पक्का झाल्याशिवाय मोजू नये, तोटा मात्र दिसू लागताच मोजावा. या दंडकाला धरून येणी मांडण्याची रीत अशी. सगळ्या बाकीदारांची यादी काढावयाची आणि कोणाचे येणे किती जुने, ते बघून चार रकाने पाडावयाचे. याला येण्यांची वयवारी म्हणू या. आपल्या दुकानाच्या 1,20,000 रुपयांची वयवारी अशी निघाली समजा: तीन महिन्यांच्या आतले 60,000, तीन ते सहा महिन्यांचे 30,000, सहा महिने ते वर्षाचे 20,000, आणि वर्षावरचे 10,000. आता मागच्या चार-पाच वर्षांच्या वह्या उघडून बघावयाचे, की अशा वयाच्या उधारीतली शेकडा किती बुडाली. समजा उत्तर आले अनुक्रमे शेकडा 2, 10, 30 आणि 60. हे दर कायद्याने ठरवलेले नाहीत बरं का! ते ज्याचे त्याने आपल्या अनुभवावरून काढावयाचे असतात. रस्त्यावरच्या दुकानाचे वेगळे, पाड्यावरच्या दुकानाचे वेगळे.

करा गुणाकार. 60,000 चे शेकडा 2 म्हणजे 1,200. 30,000 चे शेकडा 10 म्हणजे 3,000. 20,000 चे शेकडा 30 म्हणजे 6,000. 10,000 चे शेकडा 60 म्हणजे 6,000. बेरीज 16,200. एवढी रक्कम बुडण्याचा संभव आहे. मग 31 मार्चला एक नोंद करावयाची: नफा-तोटा खाते नावे 16,200, संशयित येण्यांची तरतूद खाते जमा 16,200. आता नफा राहिला 63,800, आणि ताळेबंदात येणे दिसेल 1,20,000 वजा 16,200, म्हणजे 1,03,800. कोणत्याही गिऱ्हाइकाच्या खात्याला अजून हात लावलेला नाही. कोण बुडवणार हे आपल्याला ठाऊक नाही. साधारण किती बुडणार एवढे ठाऊक आहे. भाताचे बी पेरताना कोणता दाणा उगवणार नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण पायलीमागे थोडे जास्त पेरावे लागते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तसेच हे.

पुढच्या वर्षी काय होते ते बघा. एका गिऱ्हाइकाकडे 2,500 रुपये होते. तो कुटुंबासह बाहेरगावी गेला, ठावठिकाणा लागेना, आणि पैसे येत नाहीत याची खात्री पटली. आता त्याचे खाते बुडीत लिहावयाचे. नोंद अशी: तरतूद खाते नावे 2,500, त्या गिऱ्हाइकाचे खाते जमा 2,500. तरतुदीत उरले 13,700. या वर्षीच्या नफ्याला धक्का लागला नाही, कारण तो तोटा ज्या वर्षीच्या विक्रीतून आला, त्याच वर्षी आपण सोसून मोकळे झालो. पुन्हा मार्च आला की पुन्हा वयवारी. गरज 15,000 ची निघाली तर नफ्यातून 1,300 ची भर घालावयाची. गरज 10,000 चीच निघाली तर जास्तीचे 3,700 नफ्यात परत घ्यावयाचे. झाले!

अगदी छोट्या दुकानदाराला हा खटाटोप जमत नसेल, तर दुसरी सोपी रीत आहे. तरतूद न करता, येणे बुडाले अशी खात्री पटेल तेव्हा ते सरळ नफा-तोट्याला नावे टाकावयाचे. ही रीत सोपी खरी. पण तिच्यात विक्रीचा नफा एका वर्षी आणि त्याच विक्रीचा तोटा दुसऱ्या वर्षी येतो. शिवाय ‘खात्री पटेल तेव्हा’ म्हणता म्हणता माणूस वर्षानुवर्षे खात्री पटवून घेतच नाही.

आणि इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज आड येतो. ‘बुडीत लिहिलं म्हणजे सोडूनच दिलं की!’ असे दुकानदाराला वाटते, आणि गिऱ्हाइकाच्या कानावर गेले तर त्यालाही तसेच वाटते. मंडळी, हे खरे नव्हे. बुडीत लिहिणे आणि माफ करणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. माफी ही देणाऱ्या-घेणाऱ्यांमधली गोष्ट. तिने देणे संपते. बुडीत लिहिणे ही वही आणि वहीचा मालक यांच्यामधली गोष्ट. तिने देणे संपत नाही, फक्त वही खरे बोलू लागते. बँकांनी अमुक कोटींची कर्जे निर्लेखित केली अशी बातमी आली, की पुष्कळांना वाटते, सगळे सोडून दिले. तिथेही तेच आहे: हिशेबातून काढले, तरी वसुलीचा हक्क राहतो.

समजा, तो 2,500 वाला गिऱ्हाईक म्हशाच्या जत्रेच्या सुमारास परत आला आणि म्हणाला, ‘शेठ, हे हजार घ्या, बाकीचं देतो हळूहळू.’ आता हे हजार नुसते गल्ल्यात टाकून ‘किरकोळ जमा’ म्हणून लिहू नयेत. आधी त्याचे खाते तेवढ्यापुरते जिवंत करावे: गिऱ्हाइकाचे खाते नावे 1,000, बुडीत येण्यांची वसुली खाते जमा 1,000. मग रोख खाते नावे, गिऱ्हाइकाचे खाते जमा. दोन नोंदी कशाला? कारण तो माणूस आला आणि त्याने दिले, ही गोष्ट त्याच्याच पानावर दिसली पाहिजे. उद्या तो पुन्हा उधार मागावयास आला, तर वहीने त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास हवी. बुडीत लिहिलेल्या नावांची एक वेगळी यादी ठेवावी ती यासाठीच. पान फाडून टाकणारा दुकानदार आपलेही नुकसान करतो आणि गिऱ्हाइकाच्या अब्रूचेही.

उलट चूकही तितकीच वाईट. मेलेले येणे जिवंत दाखवावयाचे. आपल्याकडे ‘नवे-जुने करणे’ हा शब्द सर्वांना माहीत आहे. जुनी बाकी फिटल्यासारखी दाखवावयाची आणि त्याच दिवशी तेवढीच, वर व्याज चढवून, नवी बाकी लिहावयाची. वहीत सगळे ताजे दिसते. रुपया मात्र एकही हललेला नसतो. हा खेळ जुना आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खतावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांची केली. ऋणकोला संरक्षण मिळावे हा हेतू. घडले उलटेच. सावकार तीन वर्षे भरत आली की मुद्दलात व्याज मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले, आणि कर्ज फुगत गेले. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यात सावकारांच्या घरांतली खते आणि वह्या काढून जाळल्या गेल्या. त्या उठावाची कारणे अनेक होती, पण चौकशी आयोगाने मुदतीच्या या कायद्याचाही त्यांत विचार केला. त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना साह्य देणारा कायदा आला. म्हणून वयवारी करताना तारीख मूळ उधारीची धरावी, नव्या-जुन्याची धरू नये.

मुदतीचा विषय निघाला आहे, तर आजचा कायदाही सांगतो. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे उधार दिलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करावयाची मुदत तीन वर्षांची आहे. उधारीची ठराविक मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्या दिवसापासून, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. ही तीन वर्षे संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने ‘इतके देणे आहे’ असे लिहून सही केली, किंवा काही रक्कम देऊन तशी सहीची नोंद केली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून वर्षातून एकदा बाकीच्या पानावर सही घ्यावी. आणि सही करणाऱ्यानेही आकडा वाचून, समजून सही करावी. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाला बरोबर न्यावे. तीन वर्षे टळली म्हणजे देणे नाहीसे होते असे नव्हे; कोर्टाचे दार बंद होते, एवढेच.

कराच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आयकरात नुसत्या तरतुदीची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. येणे वहीत प्रत्यक्ष बुडीत लिहावे लागते, आणि ती विक्री पूर्वी उत्पन्नात धरलेली असावी लागते. ‘येणे बुडालेच आहे हे सिद्ध करा’ असा आग्रह पूर्वी धरला जाई. 1 एप्रिल 1989 पासून कायदा बदलला, आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने टी. आर. एफ. लिमिटेडच्या खटल्यात स्पष्ट केले, की वहीत बुडीत लिहिले असले तर तेवढे पुरे. विक्रीवर ठोक अंदाजाने आयकर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र ही वेगळी वजावट नाही. दुसरी गोष्ट: उधार विक्रीवरचा वस्तू व सेवा कर सरकारात भरावा लागतो, आणि पुढे येणे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. म्हणजे उधारी बुडाली की मालाबरोबर करही बुडाला.

जे दुकानाचे, तेच मोठ्या संस्थांचे. 31 मार्च 2004 पासून बँकांना असा दंडक आहे, की कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले, की ते कर्ज अनुत्पादक धरावयाचे आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद करावयाची. पीककर्जाला निराळे माप आहे: कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम. भात तीन महिन्यांत विकून पैसे फिरत नाहीत, हे तिथे ओळखलेले आहे. सहकारी संस्थेत कर्ज बुडीत लिहावयाचे तर लेखापरीक्षकाचा तसा दाखला लागतो, आणि ती रक्कम प्रथम बुडीत कर्ज निधीतून वळती होते. संचालकांनी मनाला येईल त्याचे नाव खोडावयाचे नाही, हा त्यातला मुद्दा. 2008 च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर मोठ्या कंपन्यांचे हिशेबाचे दंडकही बदलले. तोटा होईपर्यंत थांबू नका, अपेक्षित तोटा आधीच धरा, असे ते सांगतात. त्यासाठी गिऱ्हाइकांच्या येण्यांची वयवारी करण्याची जी रीत त्यांत मान्य केली आहे, ती आपण वर पाहिली तीच.

आता आपल्याच भागातले एक मोठे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा आदिवासी कुटुंबांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, म्हणून 1978 पासून सरकारने खावटी कर्ज सुरू केले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हा शब्द घरोघरी माहीत आहे. हेतू उत्तमच होता. पण पोट भरण्यासाठी घेतलेल्या कर्जातून उत्पन्न होत नाही, आणि ज्यातून उत्पन्न नाही ते फिटावयाचे कशातून? थकबाकी साचत गेली आणि पुढे ती सरकारला माफ करावी लागली. 2020 साली सरकारने खावटीचे कर्ज हे रूपच बदलून अनुदान केले: कुटुंबामागे 4,000 रुपये, निम्मे वस्तूंच्या रूपाने, निम्मे रोख. हिशेबाच्या दृष्टीने हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. जे परत येणार नाही हे देतानाच ठाऊक असते, त्याला येणे म्हणू नये. मदत म्हणावी आणि देतानाच खर्ची टाकावे. येणे म्हटले की घेणाऱ्याच्या माथी थकबाकीदाराचा शिक्का बसतो, आणि देणाऱ्याच्या वहीत खोटी संपत्ती दिसते. दुकानदारानेही एखाद्या अडलेल्या घराला दोन पायली तांदूळ धर्माने द्यावेत; पण ते धर्मादाय म्हणून लिहावेत, उधारी म्हणून नव्हे.

शेवटी, गिऱ्हाइकाचा यात काय फायदा? ज्या दुकानदाराला आपली किती उधारी बुडते हे माहीत नसते, तो भीतीपोटी सगळ्यांनाच भाव चढवून लावतो. रुपयामागे दहा पैसे जास्त घेतो. म्हणजे बुडवणारा सुटतो आणि वेळेवर आणून देणारी बाई त्याचा दंड भरते. आपल्या कल्पित दुकानात मागची जुनी बाकी धरूनही संशयित येणे निघाले 16,200. उधार विक्री होती 4,00,000. म्हणजे शंभराला सुमारे 4 रुपये. दहाची भीती होती, तिथे चारच निघाले. हिशेब केला म्हणून ते कळले, आणि कळले म्हणून भाव उतरवता येतो. शिवाय शेकडा 10 सुटणाऱ्या धंद्यात 500 रुपये बुडाले तर ते भरून काढावयास 5,000 रुपयांचा माल विकावा लागतो, हे ज्याला समजले, तो उधार देतानाही माणूस पाहून आणि मर्यादा घालून देतो.

गुरुजनांना एक सुचवितो. शेकडेवारीचा पाठ घेताना फळ्यावर हे गणित घाला: येणे 80,000, वयवारी 40,000, 20,000, 12,000 आणि 8,000, दर वरचेच. तरतूद 11,200 आली आणि निव्वळ येणे 68,800 राहिले, तर उत्तर बरोबर. मग मुलांना विचारा: बुडीत लिहिलेला माणूस दोन वर्षांनी पैसे घेऊन आला, तर ते कुठे लिहाल? त्यातली पुष्कळ मुले उद्या दुकानात, सोसायटीत, बचत गटात वह्या लिहिणार आहेत.

आणि दुकानदार मंडळींना एवढेच, की दिवाळीला वहीचे पूजन करता तसे मार्चअखेरीस एक दिवस वहीचे वाचनही करा. चार रकाने पाडा, जुन्या तारखा जुन्याच ठेवा, जे जाणार ते आधी सोसा, आणि जो परत येऊन देईल त्याचे त्याच्याच पानावर लिहा.